हॅकनी डायमंड्स : रोलिंग स्टोन्सचा अल्बम आणि एक जुने देणे

इंग्लंडमधील ‘द रोलिंग स्टोन्स’ या जगप्रसिद्ध रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी बाजारात आला. स्वतः रचलेल्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५ सालचा. म्हणजे मध्ये तब्बल १८ वर्षे गेली. हा अल्बम आला तेव्हा गायक मिक जॅगर ८० वर्षांचे होते. गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांना ऐंशी पुरी व्हायला दोन महिने बाकी होते. तिघांत धाकटे असलेले रॉनी वूड ७६ वर्षांचे होते. आपल्या घरांतून या वयाच्या माणसाला खाटेवर बसवतात, औषधाची वेळ सांगतात आणि ‘आता आराम करा’ म्हणतात. हे तिघे मात्र बारा गाणी घेऊन उभे राहिले. ब्रिटनमध्ये तो अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम रॉक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

आम्ही या बँडचे शाळकरी वयापासूनचे वेडे. तेव्हा अल्बम आल्याचा आनंद आम्हाला झाला, यात नवल नाही. परंतु आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतात, ‘तुम्ही वस्तीत अभ्यासिका चालवणार, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब लिहिणार आणि घरी येऊन गोऱ्या साहेबांची धांगडधिंग्याची गाणी ऐकणार, हे कसे जमते?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या अल्बममधील शेवटच्या, बाराव्या गाण्यात आहे. तिथपर्यंत वाचकांनी आमच्याबरोबर चालावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मंडळी कोण?

बँड सुरू झाला १९६२ साली. सहा दशकांपूर्वीची ही पोरे राजवाड्यातून आलेली नव्हती. कीथ रिचर्ड्स यांचे वडील कारखान्यात कामाला होते आणि लंडनजवळच्या डार्टफर्ड गावात नगरपालिकेने बांधलेल्या वसाहतीत हे कुटुंब राहत होते. ढोल वाजवणारे, म्हणजे ड्रमर, चार्ली वॉट्स यांचे वडील रेल्वेची मालमोटार चालवीत. बास गिटार वाजवणारे बिल वायमन गवंड्याचे चिरंजीव. नंतर १९७५ च्या सुमारास आलेले रॉनी वूड यांचे पूर्वज कालव्यांतील नावांवर राहणारे. जमिनीवरच्या घरात जन्मलेली त्या घराण्यातली ही पहिलीच पिढी. त्यातल्या त्यात बऱ्या घरचे मिक जॅगर. त्यांचे वडील शाळेत व्यायामशिक्षक होते.

हे मिक जॅगर कुठे शिकत होते, हे आमच्या वाचकांना कळले तर गंमत वाटेल. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’! ज्या संस्थेतून बाबासाहेबांनी १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली, तीच ही संस्था. बाबासाहेब तिथे अर्धपोटी राहून, ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचून पदवी घेऊन आले. जॅगर साहेबांनी १९६३ मध्ये गाण्यापायी शिक्षण अर्ध्यावर सोडले. आमच्या तरुण वाचकांनी या बाबतीत कोणाचा आदर्श घ्यावा, हे सांगण्याची गरज नाही.

जॅगर आणि रिचर्ड्स लहानपणी एकाच प्राथमिक शाळेत होते. पुढे ताटातूट झाली. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर दोघे पुन्हा भेटले. रिचर्ड्स आर्ट कॉलेजला निघाले होते, जॅगर लंडनला. जॅगर यांच्या काखेत दोन तबकड्या होत्या. एक चक बेरी यांची आणि दुसरी मडी वॉटर्स यांची. दोघेही अमेरिकेतले काळे कलावंत. त्या काळी इंग्लंडमध्ये अशा तबकड्या सहजासहजी मिळत नसत. जॅगर त्या थेट अमेरिकेहून टपालाने मागवीत. काखेतल्या त्या तबकड्या बघून रिचर्ड्स थांबले, बोलणे सुरू झाले आणि जगातली एक मोठी जोडी जमली.

पुढच्याच वर्षी बँड उभा राहिला. त्याचा पहिला म्होरक्या ब्रायन जोन्स. त्याने कार्यक्रमाची जाहिरात देण्यासाठी एका संगीतपत्राला फोन लावला. पलीकडून विचारले, ‘बँडचे नाव काय?’ नाव ठरलेच नव्हते! रिचर्ड्स सांगतात त्याप्रमाणे समोर जमिनीवर मडी वॉटर्स यांची तबकडी पडली होती आणि तिच्यावरचे पहिले गाणे होते ‘रोलिन स्टोन’. जोन्सने तेच नाव सांगून टाकले. रोलिन स्टोन म्हणजे गडगडत जाणारा धोंडा. एका जागी न ठरणारा फिरस्ता माणूस. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये याच नावाने पहिला कार्यक्रम झाला.

ज्याच्या गाण्यावरून नाव घेतले, तो मडी वॉटर्स

खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. जन्म अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, ४ एप्रिलचा. साल कुठे १९१३ लिहिलेले आढळते, कुठे १९१५. गरिबांच्या जन्मतारखा सगळीकडे अशाच असतात. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवले. पोर चिखलात खेळायचे म्हणून आजीने ‘मडी’, म्हणजे चिखल्या, हे नाव ठेवले.

आजी-नातू क्लार्क्सडेल गावाजवळच्या स्टोव्हल नावाच्या कापसाच्या मळ्यावर राहत. गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती. परंतु जमीन मालकाची, बी-बियाणे मालकाचे, राहते खोपटे मालकाचे आणि कष्ट तेवढे काळ्या माणसाचे, अशी अर्धेलीची शेती पुढे कित्येक दशके चालू राहिली. वर्षभर मळ्याच्या दुकानातून उधारीवर पीठमीठ आणायचे. कापूस निघाला की हिशेब. वही मालकाच्या हातात. बहुतेकांच्या नावावर वर्षाअखेरीस देणेच निघायचे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमा आणि नावे या दोन रकान्यांत रोज डोके घालतो. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती माणूस, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. मराठवाड्यातल्या सालगड्याच्या पोरालाही ते शिकवावे लागत नाही.

अशा माणसांनी रानात, तुरुंगात, रेल्वेचे रूळ टाकताना आणि शनिवारी रात्री चार घटका मोकळ्या मिळाल्या की जे गाणे म्हटले, ते ‘ब्लूज’. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, अशी त्याची साधी बांधणी. जात्यावर बसून ओवी म्हणणाऱ्या आपल्या आया-आज्यांना ती परकी वाटली नसती.

ऑगस्ट १९४१ मध्ये मळ्यावर दोन माणसे ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आली. एक अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे गोरे संग्राहक ॲलन लोमॅक्स. दुसरे काळ्यांच्या फिस्क विद्यापीठातील प्राध्यापक जॉन वर्क. या संशोधनात वर्क यांचा मोठा वाटा असूनही पुढे अनेक वर्षे जगाला नाव कळले ते लोमॅक्स यांचेच. वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लेखन पुस्तकरूपाने उजेडात यायला २००५ साल उजाडले. ते असो. त्या दिवशी मडी वॉटर्स यांनी आपला आवाज पहिल्यांदा यंत्रातून ऐकला. आपणही तबकडीवरच्या गायकांइतकेच चांगले गातो, हे त्यांना त्या क्षणी कळले. माणसाला स्वतःची किंमत कळणे, ही फार मोठी गोष्ट असते. मळ्यावर ते ट्रॅक्टर चालवीत आणि तासाला साडेबावीस सेंट मिळत. त्यांनी पंचवीस मागितले. नकार मिळाला. १९४३ मध्ये त्यांनी मळा सोडला आणि शिकागोची गाडी धरली.

त्या काळात दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांकडे काळ्या माणसांची रीघच लागली होती. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख माणसांनी गाव सोडले. कोकणातून, देशावरून, विदर्भातून गिरण्यांकडे आणि रेल्वेकडे आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण यावी, असेच ते स्थलांतर. शिकागोत मडी वॉटर्स यांनी कागदाच्या कारखान्यात काम केले, मालमोटार चालवली आणि रात्री गाणे केले. शहराच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यांनी विजेवरची गिटार घेतली. मळ्यावरचे गाणे विजेवर चढले आणि तिथूनच पुढच्या रॉक संगीताचा रस्ता निघाला. ‘रोलिन स्टोन’ ही तबकडी १९५० सालची, शिकागोच्या चेस कंपनीची. तिच्यात दुसरे कोणतेही वाद्य नाही. एक माणूस आणि त्याची गिटार, बस्स.

आमचे वेड

नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत दर रविवारी सकाळी कोणाच्या ना कोणाच्या टेपरेकॉर्डरवर भीमगीते लागलेली असत. आमचे कान त्याच गाण्यांवर तयार झाले. ढोलकीची थाप आणि कोरसाची ओळ आली की अंगात वारे भरते, ते अजूनही. रोलिंग स्टोन्सची पहिली कॅसेट आम्ही जुन्या कॅसेटी विकणाऱ्या एका फुटपाथवाल्याकडून घेतली. इंग्रजी शब्द निम्मे कळत नव्हते. पण चार्ली वॉट्स यांचा ठोका ऐकला आणि वाटले, हा माणूस आमच्या ओळखीचा आहे. विनाकारण एक थाप जास्त नाही, एक कमी नाही. चांगल्या ढोलकीवाल्याला जे कळते, तेच या मालमोटारवाल्याच्या मुलाला कळले होते.

एप्रिल २००३ मध्ये हा बँड प्रथमच भारतात कार्यक्रम करायला आला. ४ तारखेला बंगळूर आणि ७ तारखेला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम. तिकीट आमच्या ऐपतीबाहेरचे होते. आम्ही आणि आमचा एक मित्र चर्चगेटला उतरून स्टेडियमच्या बाहेर फुटपाथवर उभे राहिलो. भिंतीपलीकडून जे कानावर आले, ते शेवटची लोकल गाठेपर्यंत ऐकले. वाईट वाटले नाही. भिंतीबाहेर उभे राहून ऐकण्याचा आमच्या लोकांना बराच मोठा अनुभव आहे. फरक इतकाच, की त्या रात्री आत जायला केवळ पैसे लागत होते.

अल्बममध्ये काय आहे?

आता मूळ विषयाकडे येऊ. ‘हॅकनी’ हा लंडनच्या पूर्व भागातला, कष्टकऱ्यांचा म्हणून ओळखला गेलेला विभाग. चोराने मोटारीची किंवा दुकानाची काच फोडली की रस्त्यावर जे तुकडे चमकतात, त्यांना तिकडच्या बोलीत ‘हॅकनीचे हिरे’ म्हणतात. अल्बमची पहिली बातमीही गमतीने दिली गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक पत्रात काच दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानाची जाहिरात आली. दुकान अर्थातच अस्तित्वात नव्हते. मजकुरात बँडच्या जुन्या गाण्यांची नावे पेरलेली होती. जाणकारांनी ओळखायचे ते ओळखले. मग ६ सप्टेंबरला हॅकनी एम्पायर या जुन्या नाट्यगृहात अल्बमची रीतसर घोषणा झाली.

पण हा आनंदाचा प्रसंग दुःखातून आला होता. चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी वारले. अठ्ठावन्न वर्षे ज्यांनी या बँडचा पाया धरून ठेवला, ते गेले. बँड संपला, असेच आम्हाला वाटले होते. चार्ली यांनी स्वतःच आपल्या जागी स्टीव्ह जॉर्डन या काळ्या ड्रमरचे नाव सुचवून ठेवले होते. जॉर्डन बसले आणि गाडी चालू राहिली. अँड्र्यू वॉट या तरुण निर्मात्याने म्हाताऱ्यांच्या मागे लागून २०२२ च्या अखेरीपासून काही महिन्यांत ध्वनिमुद्रण उरकून घेतले.

पहिलेच गाणे ‘अँग्री’. सुरुवातीचे गिटारचे चार फटकारे ऐकले की ओळख पटते. कीथ रिचर्ड्स यांच्या बोटांना संधिवात आहे. ते सांगतात की त्यामुळे वाजवण्याची पद्धत बदलावी लागली. बोटे वाकडी झाली, पण तालाची अक्कल शाबूत आहे. ‘बाइट माय हेड ऑफ’ या गाण्यात बीटल्सचे पॉल मॅकार्टनी बास गिटार वाजवतात. साठच्या दशकात बीटल्स की स्टोन्स यावरून पोरे भांडत. ते दोन पक्ष म्हातारपणी एका खोलीत बसून दंगा करतात, हे ऐकून हसू येते. ‘ड्रीमी स्काइज’ हे संथ, गावाकडच्या धाटणीचे. माणसांच्या गर्दीला विटलेल्याने रानात जाऊन बसावे तसे. ‘होल वाइड वर्ल्ड’ मध्ये जॅगर लंडनमधल्या आपल्या कफल्लक दिवसांकडे वळून बघतात. ‘टेल मी स्ट्रेट’ रिचर्ड्स स्वतः गातात. आवाज खरबरीत, थकलेला आणि म्हणूनच खरा.

‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या दोन गाण्यांत चार्ली वॉट्स आहेत. २०१९ साली वाजवून ठेवलेला त्यांचा ड्रम या गाण्यांत वापरला आहे. दुसऱ्या गाण्यात तर १९९३ साली बँड सोडून गेलेले बिल वायमन वयाच्या ८६ व्या वर्षी बास वाजवायला आले आणि पियानोवर एल्टन जॉन बसले. गेलेला माणूस ठोका धरतो आणि तीस वर्षांपूर्वी वेगळा झालेला सोबती त्याच्या शेजारी उभा राहतो. आम्ही हे गाणे पहिल्यांदा ऐकले ते कामावरून येताना, लोकलच्या दारात उभे राहून, मोबाइलवर. दोन स्टेशने गेली तरी कळले नाही.

अकरावे गाणे ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’. सात मिनिटांहून मोठे. काळ्या लोकांच्या चर्चमधले जे गॉस्पेल गायन आहे, त्याच्या वळणाचे. एकाने हाक द्यायची आणि समूहाने ओ द्यायची. इथे पियानो वाजवतात स्टीव्ही वंडर. हे दृष्टिहीन काळे कलावंत १९७२ च्या अमेरिका दौऱ्यात स्टोन्सच्या आधी मंचावर गात असत. जॅगर यांच्या बरोबरीने गाणारी लेडी गागा ही त्यांच्या नातीच्या वयाची. गाणे संपले असे वाटते, वाद्ये शांत होतात आणि पुन्हा कोणीतरी हळूच सूर धरतो, गागा आवाज चढवते, म्हातारा हार मानत नाही. आमच्या घरी हे गाणे लागले की स्वयंपाकघरातूनही ‘जरा मोठे करा’ असा हुकूम येतो. एरवी हुकूम उलटा असतो.

बारावे गाणे

आणि मग सगळी वाद्ये बाजूला ठेवली जातात. पाहुणे जातात. उरतात दोघे. जॅगर यांच्या हाती माउथ ऑर्गन आणि रिचर्ड्स यांच्या हाती गिटार. ते गातात मडी वॉटर्स यांचे १९५० सालचे ‘रोलिन स्टोन’. अल्बमवर त्याचे नाव ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ असे आहे आणि रचनाकार म्हणून मडी वॉटर्स यांचेच नाव आहे. ज्या गाण्यावरून १९६२ मध्ये नाव उचलले, ते गाणे ६१ वर्षांत त्यांनी एकाही अल्बमवर घेतले नव्हते. आता, उतरणीच्या वयात, फलाटावर भेटलेली तीच दोन पोरे त्याच तबकडीपाशी परत आली. ‘हे आमचे नव्हते, यांचे होते’ असे भाषण न करता सांगितले.

हे ऐकत असताना आमच्या कन्येने विचारले, ‘पप्पा, यांनी नाव घेतले, चाल घेतली, पैसा कमावला. मग त्यांना काय मिळाले?’ पोरीने नेमकी दुखरी जागा दाबली. चाहत्याने या प्रश्नाला बगल देऊ नये. म्हणून जमा-नावे मांडूनच टाकतो.

जमेची बाजू. १९६४ मध्ये स्टोन्स अमेरिकेत गेले, ते शिकागोला चेस कंपनीच्या स्टुडिओत, आपल्या गुरूंच्या दारात, ध्वनिमुद्रण करायला. तिथे त्यांनी काळे गायक बॉबी वोमॅक यांच्या बँडचे एक गाणे केले. वोमॅक आधी नाराज होते. मानधनाचा धनादेश हातात पडल्यावर त्यांचे मत बदलले, असे ते स्वतःच सांगत. त्याच वर्षी विली डिक्सन यांनी रचलेले ‘लिटल रेड रूस्टर’ हे अस्सल ब्लूज गाणे स्टोन्सनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. मे १९६५ मध्ये अमेरिकेतील ‘शिंडिग’ या दूरदर्शन कार्यक्रमात त्यांना बोलावले. त्यांनी अट घातली की हाउलिन वुल्फ यांनाही गायला बोलवा. हाउलिन वुल्फ म्हणजे ५४ वर्षांचे, धिप्पाड काळे ब्लूज गायक. गोऱ्या अमेरिकेतल्या घराघरांत ज्यांचे नाव माहीत नव्हते. त्यांचे गाणे चालू असताना ही नावारूपाला आलेली गोरी पोरे त्यांच्या पायांशी बसली. काळ्यांच्या मतदानाचा हक्क ज्या कायद्याने पक्का झाला, तो कायदा त्या दिवशी अजून मंजूर व्हायचा होता. १९८१ मध्ये शिकागोच्या काळ्या वस्तीतील एका छोट्या क्लबात जॅगर, रिचर्ड्स आणि वूड हे मडी वॉटर्स यांच्याबरोबर गायले-वाजवले. मडी वॉटर्स ३० एप्रिल १९८३ रोजी गेले.

आता नावे बाजू. १९६९ च्या अल्बमवर ‘लव्ह इन व्हेन’ हे गाणे आहे. ते रॉबर्ट जॉन्सन या १९३८ साली अवघ्या २७ व्या वर्षी मेलेल्या काळ्या कलावंताचे. तबकडीवर रचनाकार म्हणून भलतेच नाव छापले गेले. १९७२ च्या अल्बमवर त्याचेच दुसरे गाणे ‘पारंपरिक’ म्हणून गेले. पारंपरिक म्हणजे बेवारस! स्टोन्सच्या जुन्या गाण्यांचे हक्क असलेल्या कंपनीने ही गाणी कोणाच्याच मालकीची नाहीत, अशी बाजू कोर्टात मांडली. २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने ती फेटाळली. त्याच वर्षी मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन यांच्या मुलाचा वारसाहक्क कायम केला. हा मुलगा आयुष्यभर खडीचा ट्रक चालवीत होता.

आणखी एक नोंद ‘ब्राउन शुगर’ या १९७१ च्या गाण्याची. गुलाम स्त्रियांवरच्या अत्याचाराचा विषय त्यात नाचाच्या ठेक्यावर येतो. ठेका अप्रतिम आहे. शब्द कळू लागल्यावर आम्हाला त्यावर पाय हलवता येईना. २०२१ च्या दौऱ्यात बँडने ते गाणे कार्यक्रमातून काढले. पन्नास वर्षे उशीर झाला, पण काढले.

बेरीज-वजाबाकी केली तर खाते पूर्ण मिटत नाही. मडी वॉटर्स आणि विली डिक्सन यांना आपल्या गाण्यांच्या पैशासाठी सत्तरच्या दशकात स्वतःच्याच प्रकाशन कंपनीवर दावा लावावा लागला होता. तो तडजोडीने मिटला. डिक्सन यांनी पुढे संस्था काढून इतर कलावंतांना त्यांचे हक्क मिळवून देण्याचे काम हाती घेतले. आज शिकागोच्या साउथ मिशिगन रस्त्यावरची २१२० क्रमांकाची ती चेस स्टुडिओची इमारत याच संस्थेच्या ताब्यात आहे. डिक्सन यांच्या पत्नीने ती विकत घेतली. ज्या दारातून गाणारे पगारी नोकरासारखे आत जात, त्या दाराची किल्ली शेवटी गाणाऱ्याच्या घरी आली. आम्हाला स्टोन्सच्या सगळ्या तबकड्यांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

मग प्रेम का?

प्रेम अशासाठी, की या बँडमुळेच आम्ही मडी वॉटर्सपर्यंत पोचलो. मुंबईच्या चाळीतल्या पोराला मिसिसिपीतल्या अर्धेलकऱ्याचे नाव कोण सांगणार होते? तसा तो रस्ता आपल्या चळवळीला नवा नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. नाव कोणाचे घेतले, हे त्यांनी कधी लपवले नाही; अभिमानाने सांगितले. नाव घ्यावे ते असे.

जो कलावंत उसने घेतलेले कबूल करतो, त्याच्यावर प्रेम करता येते. देणे बाकी आहे म्हणून गाणे बंद करण्यापेक्षा गाणे ऐकावे आणि वही उघडी ठेवावी, हे आम्हाला अधिक पटते. ऐंशीव्या वर्षी त्या दोघांनी वहीवर सही केली. उशिरा का होईना, स्वच्छ अक्षरात केली.

वाचकांना आमची एक सूचना आहे. घरात मुले असतील तर त्यांच्याकडून मोबाइलवर मडी वॉटर्स यांचे १९५० चे ‘रोलिन स्टोन’ लावून घ्या. ते संपले की लगेच स्टोन्सचे २०२३ चे लावा. दोन्ही मिळून सहा मिनिटेही लागणार नाहीत. इंग्रजी कळले नाही तरी चालेल. पहिल्यात एक तरणा माणूस मालकाचा मळा सोडून आलेला आहे, दुसऱ्यात दोन म्हातारे त्याला नमस्कार घालीत आहेत, हे कानाला कळते.

दुसरी सूचना आमच्या गायक मंडळींना. आपल्या कॅसेटींवर गायकाचे रंगीत छायाचित्र असायचे आणि गीतकाराचे नाव कोपऱ्यात, बारीक टायपात. कधी तेही नसायचे. वामनदादा कर्डकांची गाणी आज गावोगावी गायली जातात, पण प्रत्येक मंचावर वामनदादांचे नाव घेतले जातेच असे नाही. आपल्या माणसांचे गाणे आपणच ‘पारंपरिक’ करून टाकू नये. येत्या जयंतीला मंचावर उभे राहाल, तेव्हा पहिली तान घेण्याआधी गीतकाराचे आणि चाल बांधणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगा. त्याचे कुटुंब समोर बसलेले असेल तर त्यांना उभे करा, आणि कार्यक्रमाच्या मानधनातला वाटा त्यांच्या हातात द्या.